आंब्याचा ओंडका आणि चार काथवटी

गेल्या अंकात कल्हईविषयी लिहिताना, पातेल्याच्या तळाशी पोलादी पळी घासू नये, लाकडी डाव वापरावा, असे एक वाक्य मी सहज लिहून गेलो. त्यावर कऱ्हाडच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. त्या विचारतात, 'बाजारातले लाकडी डाव दोन महिन्यांत तडकतात. परसातील झाडाच्या लाकडाचा डाव घरच्या घरी करता येतो काय? आणि आपण स्वतः तो कधी केला आहे काय?' यांपैकी दुसरा प्रश्न मला अधिक टोचला. वर्षापूर्वी कोणी तो विचारला असता, तर 'नाही' एवढेच प्रामाणिक उत्तर देता आले असते. आज ते 'होय' असे देता येते. परंतु हा 'होय' कसा घडला हे सांगावयाचे तर घरातील थोडी हकीकत सांगणे भाग आहे. वाचकांनी ती ऐकून घ्यावी.

आमचे घर जयसिंगपुरास. राजर्षी शाहूमहाराजांनी आपले जनकपिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने हे गाव वसविले. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ सालीच सुरू झालेला होता. त्याच्या आश्रयाने, आधी कागदावर रेघा आखून मग जमिनीवर उतरलेले असे हे व्यापारी गाव. येथे पाहुण्याने गल्लीचे नाव शोधीत बसू नये. पहिली, दुसरी, तिसरी असे मोजीत यावे. आजोबांनी येथे जागा घेतली तेव्हा घराआधी त्यांनी परसात आंब्याचे रोप लावले, असे वडील सांगत. ते झाड गेल्या पौषात पाडावे लागले. कारण त्याच महिन्यात आमचे एकत्र घर विभक्त झाले, आणि परसाच्या मधोमध जी भिंत यावयाची होती ती नेमकी त्या बुंध्यावरून जात होती.

भांडण झाले नाही, हे आधीच सांगून टाकतो. वडील बंधू वारल्याला सहा वर्षे झाली. वहिनी, मी आणि दोघे धाकटे बंधू असे आम्ही चार वाटेकरी. मुले मोठी झाली, सुना आल्या, एकीला पहाटेची गाडी धरावयाची तर दुसरीला रात्री उशिरा परतावयाचे. एका चुलीवर एवढी वेळापत्रके शिजेनात. तेव्हा चार चुली मांडाव्या असे ठरले. शेती, घर, वडिलांची पुस्तके यांच्या वाटण्या एका दुपारीत झाल्या. तांब्या-पितळेची भांडी तराजूने तोलून चार ढीग घातले. अडले ते एका काथवटीपाशी.

ही काथवट आजीची. दीड हात लांब, एका ओंडक्यातून कोरलेली, बाहेरून काळी कुळकुळीत आणि आतून पिठाने घासून घासून हस्तिदंतासारखी झालेली. लग्नकार्यात पुरणाची कणीक तिच्यातच तिंबली जाई. तिला वजनाने मोल नाही, बाजारात कोणी शंभर रुपये देणार नाही. पण चौघांपैकी कोणी 'मला द्या' म्हणेना आणि कोणी 'तुम्ही घ्या' असेही म्हणेना. चाळीस वर्षे जिच्या हाताखाली ती होती त्या वहिनी उठून आत गेल्या. काथवट ओटीवर तशीच राहिली.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि का कोण जाणे, ऋभूंची कथा आठवली. ऋग्वेदात ऋभू, विभ्वा आणि वाज हे तिघे भाऊ येतात. जन्माने ते मर्त्य. परंतु हातच्या कौशल्याने देवत्वास चढले. त्वष्ट्याने देवांसाठी घडविलेला जो एक चमस, म्हणजे सोम पिण्याचा लाकडी पेला, त्याचे त्यांनी चार केले, हे त्यांचे मोठे कृत्य म्हणून सूक्तांत पुनःपुन्हा सांगितले आहे. एकाचे चार केले म्हणून देवांनी त्यांस वाखाणले. मूळ घडविणारा त्वष्टा मात्र रागावला, हाही भाग त्याच सूक्तांत आहे, आणि तो लपवून ठेवलेला नाही याचे मला नेहमी कौतुक वाटते. मी मनाशी म्हटले, आंबा तर पडणारच आहे. त्याच्या चार काथवटी का करू नयेत?

विचार उत्तम होता. अडचण एवढीच, की साठी उलटेपर्यंत मी खडू आणि लेखणी यांखेरीज हत्यार धरले नव्हते. आपल्या घरांतून ही उणीव सर्रास असते, आणि ती उणीव आहे असे आपणांस वाटतही नाही. गंमत अशी, की आपल्या जुन्या यज्ञविधीत पळ्यांचा जेवढा काथ्याकूट आहे तेवढा अन्यत्र क्वचितच सापडेल. जुहू पळसाची हवी, उपभृत पिंपळाची, ध्रुवा विकंकताची आणि स्रुव खैराचा. कोणती पळी कोणत्या लाकडाची हे तैत्तिरीय संहितेने नेमून दिले आहे. नेमून देणारा एक आणि घडविणारा दुसरा, ही वाटणी मात्र फार जुनी असावी. पुढे पळी तांब्याची झाली, पंचपात्रात जाऊन बसली, आणि लाकडाशी आमचा उरलासुरला संबंध पोळपाट-लाटण्यापुरता राहिला.

नगरपरिषदेची रीतसर परवानगी काढून झाड उतरविले. शहरहद्दीत झाड तोडावयाचे तर १९७५ च्या कायद्याने ही परवानगी लागते. वाचकांनी ती टाळू नये. बुंधा वखारवाल्याने नेला. मी दोन जाड फांद्यांचे, वीतभर त्रिज्येचे आणि सव्वा हात लांबीचे, चार ओंडके मागे ठेवून घेतले आणि ओळखीच्या सुतारमामांना बोलावले. आमच्या घरची दारे-खिडक्या त्यांच्या वडिलांच्या हातच्या. त्यांना मी सांगितले, की लाकूड वर्षभर वाळू द्यावे, मग काथवट करावयास घ्यावी, असा माझा बेत आहे.

मामा हसले. "गुरुजी, वाळल्यावर आंबा कोराय बसलासा तर हत्यार बी जाईल आन् हात बी. ओलं हाय तवरच कोरायचं. वाळवायचं ते कोरून झाल्यावर."

"पण ओले कोरले तर मग तडकणार नाही का?"

"तडकंल की. तुम्ही चुकलासा तर तडकंल."

एवढे बोलून त्यांनी चहा घेतला. जाताना मला दोन आज्ञा केल्या. एक, ओंडक्यांची दोन्ही तोंडे त्याच दिवशी शेण आणि माती कालवून लिंपावी, आणि दोन ओंडके हौदात बुडवून ठेवावे. दुसरी, काथवटीला हात लावण्यापूर्वी दहा डाव करावे. "आधी डाव. काटवटीचं मग बघू."

डाव करण्यास त्यांनी आंबा घेऊ दिला नाही. परसातील पेरूची मनगटाएवढी फांदी छाटून दिली. पेरूचे लाकूड घट्ट व बारीक पोताचे, चव-वास न देणारे. नवशिक्याच्या चुका ते बऱ्याच सोसते. चिक्कू, सीताफळ, बोर, जांभूळ, चिंच, बाभूळ, साग हीही चालतात. चिंच व बाभूळ फार कठीण, ती पुढच्या वर्षासाठी ठेवावी. शेवगा मात्र इतका पोकळ व भुसभुशीत, की त्याच्या शेंगाच खाव्या. आणि येथे कऱ्हाडच्या भगिनींस व सर्वांसच एक निक्षून सांगणे आहे. कण्हेर, मग ती तांबडी असो की पिवळी, हिच्या लाकडाचा डाव कदापि करू नये. ती सर्वांगी विषारी आहे. शेतांच्या बांधावर लावतात ती गिरिपुष्पाची झाडे, ज्यांस लोक उंदीरमारी म्हणतात, तीही वर्ज्य. नावच पुरे आहे. बिब्बा आणि चीक गळणारे शेरासारखे झाड यांनाही हात लावू नये. ज्या झाडाचे नाव ठाऊक नाही, त्याची पळी कितीही सुंदर झाली तरी भिंतीला टांगावी, आमटीत घालू नये.

आता कृती. फांदीचा वीत-सव्वा वीत तुकडा घेऊन तो कुऱ्हाडीच्या पात्यावर मोगरीने ठोकून उभा चिरावा. करवतीने कापू नये, चिरावा. कारण चिरताना लाकूड आपल्या तंतूंच्या वाटेनेच फुटते आणि तो तंतू दांड्याच्या टोकापासून पळीच्या ओठापर्यंत अखंड राहतो. करवत तंतू तोडून पुढे जाते, आणि तेथेच पुढे दांडा मोडतो. बाजारचे स्वस्त डाव तडकतात त्याचे एक कारण हेच: फळीवर आकृती आखून ती कापून काढलेली असते. मधला गाभा अजिबात ठेवू नये. तडा नेहमी तेथूनच निघतो. मग कोळशाने आकृती काढावी. मानेपाशी दोन्ही बाजूंनी करवतीचे छोटे काप द्यावे, म्हणजे कुऱ्हाडीने दांड्याचे लाकूड उडविताना पळीचे डोके सोबत उडत नाही. माझ्या पहिल्या तिन्ही पळ्यांची डोकी उडाली, कारण काप देणे मला कमीपणाचे वाटले होते.

डोक्याची खळगी आधी कोरावी आणि पाठ मागाहून उतरावी, हा क्रम उलटू नये. लाकूड भरपूर असते तोवरच ते घट्ट धरता येते. पाठ आधी पातळ केली, तर खळगी कोरताना हत्यार आरपार जाते. खळगीसाठी अर्धगोल तोंडाची पटाशी चालते. मी एका लोहाराकडून जुन्या कानशीचे पाते तापवून, वाकवून, आकड्यासारखी सुरी करून घेतली, ती अधिक सोयीची झाली. खळगीत चाल नेहमी काठाकडून तळाकडे, आणि पाठीवर फुगवट्याकडून टोकांकडे. थोडक्यात, उताराने जावे. मांजराच्या पाठीवरून हात फिरविताना केसांच्या उलट फिरविला तर ते फिसकारते. लाकूडही तसेच फिसकारते, त्याच्या चिपा उचकटतात. तसे झाले की जोर न वाढविता हत्याराची दिशा बदलावी. एवढी एक गोष्ट हाताला कळावयास मला सहा डाव लागले.

ज्या फांदीला मुळातच बाक आहे ती टाकून देऊ नये. खोल पातेल्यातील आमटी ढवळण्यास मानेत वाकलेला डाव हवा असतो, आणि वाकड्या फांदीत तंतूच वळून गेलेला असल्यामुळे तो डाव सरळ फांदीच्या कोरलेल्या डावाहून पुष्कळ बळकट होतो. आम्ही जळणासाठी बाजूला काढलेल्या ढिगातून सुतारमामांनी अशा चार फांद्या निवडून दिल्या. त्यांची नजर त्या ढिगावरून फिरताना पाहणे हा एक धडाच होता. आम्हांला जेथे सरपण दिसत होते तेथे त्यांना पळ्या दिसत होत्या.

हत्याराच्या धारेविषयी दोन शब्द. बोथट हत्यार धारदार हत्याराहून अधिक घातकी, कारण त्यास जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते निसटते. कुरुंदाच्या दगडावर पाणी घालून धार करावी आणि शेवटी चामड्यावर उलट दिशेने पाच-पंचवीस वेळा पाते ओढावे. यासाठी मी जुन्या कोल्हापुरी चपलेचा तळ एका फळीवर खिळे ठोकून बसविला आहे. त्याच्या तोडीचे चामडे विकत मिळणार नाही. हत्यार चालविताना कोपर बरगडीला टेकलेले असावे, आणि पात्याच्या वाटेत आपले कोणतेही अंग असू नये. हे मला ठाऊक होते. तरी पाचव्या डावाच्या वेळी डाव्या तळहातात पळी धरून उजव्या हाताने पटाशी रेटली, ती निसटून तळहातात गेली. तीन टाके पडले. आमच्या सौ. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाड कातड्याचा एक तुकडा शिवून माझ्या डाव्या हातासाठी खोळ करून दिली, आणि 'आता डाव झाले तेवढे पुरेत' असेही म्हणाल्या नाहीत. त्या न बोलण्याचा मी योग्य तो अर्थ घेतला. तेव्हापासून पळी हातात न धरता ठोकळ्यावर टेकवूनच कोरतो.

असे करीत माघ संपला. दहावा डाव मामांनी हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, मान बोटांत धरून वाकविण्याचा प्रयत्न केला आणि खिशात घातला. ही पावती समजून मी काथवटीस हात घातला.

काथवटीची रीत डावाचीच, फक्त श्रम दहापट. बाभळीच्या पाचरी ठोकून ओंडका मधोमध उभा चिरावा. दोन फाका होतात, गाभा दोन्हींच्या चिरलेल्या तोंडावर येतो, तेवढा दोन बोटे तासून टाकावा. तेच काथवटीचे तोंड. सालीकडची गोलाई खाली जाते, तीच पाठ. आतले लाकूड वाकसाने काढावे. वाकस म्हणजे कुदळीसारखे आडव्या पात्याचे सुताराचे हत्यार. पाय फाकवून उभे राहावे आणि ते पायांच्या दिशेला येते याचे क्षणभरही विस्मरण होऊ देऊ नये. मग अर्धगोल पटाशीने आतले सारखे करावे. भिंतीची जाडी सर्वत्र एक ठेवावी, अंगठ्याएवढी. तळ तेवढाच किंवा किंचित जाड. एके ठिकाणी जाड व दुसऱ्या ठिकाणी पातळ राहिले, की वाळताना दोघांचे जमत नाही. आंब्याचा चीक काहींच्या अंगास बाधतो. माझ्या धाकट्या पुतण्याच्या हातांवर पुरळ उठले. ज्यांना कैरीचा चीक उततो त्यांनी दुसरे लाकूड घ्यावे.

पहिली काथवट आठ दिवसांत झाली. मला इतका आनंद झाला, की ती सर्वांस दिसावी म्हणून मी गच्चीवर उन्हात ठेवली. फाल्गुनातले ऊन. संध्याकाळी चहा घेताना वरून बंदुकीच्या बारासारखा आवाज आला. जाऊन पाहतो तो एका टोकापासून तळापर्यंत बोट शिरेल एवढी चीर.

हे का होते, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण सारी विद्या येथे आहे. ओल्या लाकडात पाणी नळ्यांतून भरलेले असते. ते निघून गेले की लाकूड आटते. परंतु सर्व बाजूंनी सारखे आटत नाही. लांबीला ते जवळजवळ आटतच नाही. गाभ्याकडून सालीकडे थोडे आटते, आणि वलयांच्या दिशेने त्याच्या सुमारे दुप्पट. म्हणून गोल कोरलेले पात्र वाळल्यावर किंचित लांबट होते, आणि तसे झाले तर बिघडत नाही. त्यास तेवढी मोकळीक द्यावयाची असते. बिघडते ते घाईने. नळ्यांची उघडी तोंडे काथवटीच्या दोन टोकांना असतात, तेथून पाणी भराभर उडते; टोके आटू लागतात, मधला भाग अजून ओला व फुगलेला. टोके ओढतात, मध्य हलत नाही, आणि चीर पडते. तेव्हा वाळविणे म्हणजे पाणी घालविणे नव्हे, ते हळूहळू जाऊ देणे होय. उन्हात तर नाहीच, पंख्याखालीही ठेवू नये.

दुसरी काथवट मी तिच्याच चिपांत व भुशात पुरून, गोणपाटात गुंडाळून, धान्याच्या अंधाऱ्या खोलीत ठेवली. दर रविवारी काढून स्वयंपाकघरातील काट्यावर तोलावयाची, वजन दाराच्या मागे खडूने लिहावयाचे, भुसा ओलसर लागला तर बदलावयाचा. पहिल्या आठवड्यात वजन झरझर उतरते, मग मंदावते. लागोपाठ तीन आठवडे तेच वजन भरले की वाळली असे समजावे. या काथवटीस नऊ आठवडे लागले. तिसरीवर पावसाळी हवेने बुरशीचे करडे ठिपके आले; ते वरवरचे होते, तासून निघाले. आंब्याच्या लाकडाला बुरशी आणि किडा दोन्ही लवकर लागतात, म्हणूनच मामांनी उरलेले ओंडके हौदात बुडविण्यास सांगितले होते. पाण्याखाली किड्याला शिरकाव नाही आणि लाकूड तडकतही नाही.

वाळल्यावर शेवटचा पातळ हात फिरवून तेल द्यावे. कोणते, हा प्रश्न प्रत्येक गृहिणी विचारते. शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल लाकडात कधी वाळत नाही. ते तसेच चिकट राहून पुढे खवट होते. जवसाचे तेल हवा लागून आपोआप घट्ट होते व लाकडावर कातडी धरते. चटणीसाठी जो जवस आपण आणतो त्याचेच घाण्याचे कच्चे तेल घ्यावे. रंगाच्या दुकानात मिळणारे 'उकळलेले' जवस तेल घेऊ नये, त्यात ते लवकर वाळावे म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. पातळ हात देऊन पुसावे, आठवडाभराने पुन्हा. असे तीन-चार वेळा. आणि तेलाची चिंधी चोळामोळा करून कोपऱ्यात फेकू नये. जवसाचे तेल वाळताना उष्णता सुटते आणि अशी चिंधी आपोआप पेट घेते. ती पसरून दोरीवर वाळत घालावी, मगच टाकावी.

पुढची निगा अगदी थोडी. लाकडी भांडे पाण्यात भिजत ठेवू नये, धुऊन लगेच पुसून सावलीत उभे करावे. हळदीचा डाग पडतो, तो पडू द्यावा. लाकडात जंतू राहतात अशी शंका सुशिक्षित सुना घेतात. अमेरिकेत डीन क्लायव्हर यांनी १९९० नंतरच्या वर्षांत लाकडी व प्लॅस्टिकच्या पाटांवर जंतू सोडून पाहिले, तेव्हा लाकडाने शोषून घेतलेले जंतू पुन्हा वर आलेले फारसे आढळले नाहीत, तर सुरीच्या चरांनी भरलेले प्लॅस्टिक स्वच्छ करणेच अधिक कठीण ठरले. लोणच्याच्या बरणीत आपल्या आज्या लाकडीच डाव ठेवीत, कारण मीठ आणि आंबट यांपुढे धातू टिकत नाही. आज न चिकटणाऱ्या लेपाची जी भांडी घरोघर आहेत, त्यांनाही लाकडासारखा सोबती नाही.

याच काळात मी दोनदा मिरजेस जाऊन आलो. आगगाडीने थोडक्या मिनिटांची वाट. तेथील तंतुवाद्यांच्या आळीत एका कारागिराच्या ओट्यावर बसून तंबोऱ्याचा दांडा कोरताना पाहिला. तूनचे लाकूड, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा वाळलेला भोपळा, आणि दांडा आतून पोकळ. शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांच्या, घराण्यातून एकोणिसाव्या शतकात ही विद्या तेथे रुजली. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. मी माझी सुरी दाखविली. त्यांनी ती नखावर टेकवून पाहिली, काही न बोलता आपल्या दगडावर चार वेळा ओढली आणि परत दिली. त्या दिवसापासून धार म्हणजे काय ते मला कळले आहे.

परदेशांत ही गोष्ट शाळेत शिकवितात याचा आपण विचार करावा असे मला एक निवृत्त शिक्षक म्हणून वाटते. स्वीडनमध्ये नेस येथे ऑटो सालोमन यांनी १८७० नंतरच्या दशकात शिक्षकांसाठी हस्तव्यवसायाचे वर्ग काढले; सुरी हातात देऊन लाकडाच्या लहान वस्तू, त्यांतच पळ्याही, करवून घ्यावयाच्या अशी त्यांची पद्धत होती आणि देशोदेशीचे शिक्षक ती शिकावयास तेथे जात. आपल्याकडे १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, त्याचे पुढे काय झाले हे सांगत बसत नाही. वेल्समध्ये तर तरुण मुलगा आपल्या हाताने कोरलेली पळी आपल्या आवडत्या मुलीस देई. तेथील संग्रहालयात १६६७ सालची अशी एक पळी जपून ठेवलेली आहे. माझा पुतण्या हे वाचून म्हणाला, की काका, मुलीकडच्यांना पळी दाखविली तर चालेल काय. त्यास अद्याप नोकरी नाही. पण हाताला पुरळ असतानाही तिसऱ्या काथवटीचे अर्धे काम त्याने केले, आणि उन्हाळाभर खोलीचे दार लावून बसणारा हा मुलगा रोज सकाळी वाकस घेऊन परसात येऊ लागला, हे मी भावाला मुद्दाम सांगितलेले नाही. त्याला ते भिंतीपलीकडून ऐकू येतेच.

नारळी पौर्णिमेस तयार काथवटी ओटीवर मांडल्या. आषाढात बाहेर काढलेली तिसरी जरा वाकडी, दुसरी चांगली, आणि पहिली, जिला चीर गेली होती ती, मामांनी तांब्याच्या तारेने तीन ठिकाणी टाके घालून दिली होती. माझ्या तळहाताइतकेच टाके. ती मी दाखविण्यापुरती ठेवली होती. वाटणीत धरली नव्हती. धाकट्या भावाने वाकडी उचलली, कारण ती त्याच्या मुलाच्या हातची. मधल्याने दुसरी घेतली. वहिनी बराच वेळ पाहत होत्या, आणि त्यांनी टाके घातलेली आपल्याकडे ओढली.

मी म्हटले, "वहिनी, तिच्यात कणीक राहणार नाही. तुमच्यासाठी चौथी करतो आहे."

"राहू द्या, भावजी," त्या म्हणाल्या. "कणीक चार माणसांची ती काय, परातीत होते. हिच्यात मी वाती आणि गेजवस्त्रे ठेवीन. चौथी तुम्हांला."

आजीची मोठी काथवट अजूनही कोणाच्या वाटणीत नाही. ती ओटीवरच आहे, जेथे भिंत अजून गेलेली नाही. गौरींच्या पुरणाची कणीक कोठे तिंबावयाची यावर चारही स्वयंपाकघरांत बोलणे चालू आहे; तिघी जावांनी आपापल्या परीने तिला तेल दिले, असे मला तिच्यावरील चकाकीवरून दिसते.

चौथी भुशात आहे. काल रविवारी तोलली. मागील आठवड्यापेक्षा बारा ग्रॅम उतरली. कऱ्हाडच्या भगिनींस पोस्टाने एक पेरूचा डाव पाठविला आहे. तो डावाच्या बाजूस किंचित जड झाला आहे, तेवढे त्यांनी सांभाळून घ्यावे.